दरडोई सहा

स्टेटमेंट तिने चार घड्या घालून आणलेलं.
काउंटरवर उलगडलं, तळहाताने सपाट केलं,
एका ओळीवर बोट ठेवलं:
पीआरएल एसव्हीसी. सत्तावन्न डॉलर.
"हा कोण?" मार्लिस केस्किलाने विचारलं.
हे काय, असं नाही. हा कोण.

ऑक्टोबर संपत आलेला. धक्क्याला
वर्षातली शेवटची जहाजं लोहखनिज भरून घेत होती.
रेनो जाऊन सात आठवडे झाले होते.
बोटींची इंजिनं खोलून बसायचा तो दिवसभर,
दोनच गोष्टी कुणाला कळू देत नसे:
हिशेब आणि खोकला.

मी या बँकेत बावीस वर्षं. ओळी वाचणं हेच काम.
बँकेची भाषा स्वर गाळते,
जागा वाचवते आणि जीव खाते.
म्हटलं, हे बघा,
पंधरा तारखेची ही मोठी रक्कम म्हणजे पगार,
गॉर्डीचा आणि टेरेसाचा.
दुसऱ्या दिवशीची ही, जरा लहान, सरकारचा कर;
तो तुमचा कधी नव्हताच, तुमच्या हातून गेला इतकंच.
आणि ही तिसरी, पगार वाटून देणाऱ्या कंपनीची मजुरी.
पगार देण्याचाही पगार असतो.

"पूर्वी रेनो पाकिटात घालून द्यायचा," ती म्हणाली.
"पाकिटाने कधी पैसे मागितले नाहीत."

फोन लावला.
वीस मिनिटं तोच तो पियानो.
रांगेतल्या लोकांनी पाय बदलले.
मग एक तरुण आवाज, फार लांबचा, फार नम्र:
महिन्याचा मूळ आकार एकोणचाळीस,
वर दरडोई सहा.

पावतीच्या पाठीवर मी मांडलं.
एकोणचाळीस आणि बारा, एक्कावन्न.
सहा उरतात.
मार्लिसने बोटांवर मोजलं: गॉर्डी, टेरेसा.
तिसरं बोट तसंच उभं राहिलं.

तिसरी डोई कुणाची?
आवाजाने अडखळत, अक्षरं लावत वाचलं:
लाइल आर. केस्किला. चालू कर्मचारी.
तास शून्य. पगार शून्य.

बोट तिने खाली घेतलं नाही.

लाइल अकरा वर्षांपूर्वी गेला, गावाला ठाऊक आहे.
दुकानाच्या दारात पाना फेकला तो त्याने
की रेनोने, यावर अजून दोन मतं आहेत.
पोराच्या नावावर काट मारली, असं रेनोच सांगायचा,
कॉफी ढवळत, वर न बघता.

आणि जिथे खरंच काट मारायची होती
तिथे महिन्याच्या महिन्याला सहा डॉलर भरत होता.
सातशे ब्याण्णव. सवयीने हिशेब झाला माझा;
बोलून दाखवला नाही.

"यांना यादीतून काढू का?" नम्र आवाज.
"कारण निवडावं लागेल.
राजीनामा, कपात, निवृत्ती की मृत्यू?"

मार्लिस माझ्याकडे बघत राहिली,
जणू योग्य उत्तर काउंटरच्या माझ्या बाजूला असावं.
मग तिने विचारलं, जे मला सुचलं नसतं:
"पत्ता कुठला लावलाय त्याचा?"

बटणांची टकटक.
"तीनदा बदललाय. शेवटचा या मार्चमध्ये."
कोडिॲक, अलास्का. गल्ली, घर नंबर,
पिन कोड तर त्याने दोनदा सांगितला, सावकाश.
मार्लिसने स्टेटमेंट पालथं घातलं,
साखळीला बांधलेलं आमचं पेन उचललं.
साखळी पुरेना.
तिने कागदच पेनाकडे ओढला.

"मग मॅडम, यादीतून..."
"थांब जरा, बाळा," ती म्हणाली.
फोन मी ठेवला.

नोव्हेंबरचं स्टेटमेंट मी तिच्याआधी पाहिलं.
पाहू नये. पाहिलं.
सत्तावन्न, जागच्या जागी.
आणि चार ओळी खाली
पोस्ट ऑफिस, पार्सल, एकोणीस चाळीस.
ती ओळ विचारायला
ती काही आली नाही.